‘बलून’ आणि ‘फुगा’ : प्रतिशब्द आणि अर्थक्षेत्र

परभाषेतील शब्दाला आपल्या भाषेत प्रतिशब्द मिळाला म्हणजे त्याचा अर्थही हाती आला, असा एक समज भाषांतराच्या व्यवहारात नकळत रूढ झालेला दिसतो. अवघड किंवा पारिभाषिक शब्द समोर आला की भाषांतरकार सावध होतो, कोश उघडतो, पर्यायांची तुलना करतो. साध्या, बालपणापासून परिचित असलेल्या शब्दांच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी गळून पडते. इंग्रजीतील ‘बलून’ हा असाच एक शब्द आहे. मुलांच्या इंग्रजी अंकलिपीत ‘बी’ या अक्षरापाशी बॉल, बॅट किंवा बलून यांपैकी एखादे चित्र असते आणि बलूनच्या चित्रापाशी ‘फुगा’ हा अर्थ शिकवला जातो. हे समीकरण एकदा पाठ झाले की पुढे ते तपासून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

तपासून पाहण्यासाठी तीन वाक्ये पुरेशी आहेत. पहिले वाक्य राजकीय बातमीतील. इंग्रजी मजकुरातील ‘ट्रायल बलून’चे भाषांतर कोणी ‘मंत्र्यांनी चाचणीचा फुगा सोडला’ असे केले, तर मराठी वाचकाला त्यातून काही उमगत नाही. फार तर मंत्रिमहोदय एखाद्या उद्घाटनप्रसंगी रंगीत फुगे सोडत आहेत असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येते. दुसरे वाक्य ‘प्रकल्पाचा खर्च फुगला’ हे. इंग्रजीत येथे ‘बलून’ हेच क्रियापद वापरले जाते आणि मराठी वाक्य इतके सहज उतरते की ते भाषांतरित आहे याची शंकाही येत नाही. तिसरे वाक्य रुग्णालयाच्या आवारात ऐकू येणारे : ‘वडिलांना बलून टाकला.’ येथे हाताशी असलेला प्रतिशब्द मराठी माणसाने स्वतःहून नाकारलेला आहे. एकाच शब्दाच्या वाट्याला ही तीन भिन्न प्राक्तने का यावीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘बलून’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखल झाला. त्याचे मूळ इटालियन ‘पल्लोने’ आणि त्याचे फ्रेंच रूप ‘बालों’ यांत आहे. इटालियनमध्ये ‘पल्ला’ म्हणजे चेंडू आणि ‘ओने’ हा मोठेपणा दाखविणारा प्रत्यय. म्हणजे ‘बलून’चा व्युत्पत्त्यर्थ केवळ ‘मोठा चेंडू’ एवढाच. हवा भरलेला कातडी चेंडू आणि त्या चेंडूने खेळावयाचा खेळ, हा या शब्दाचा इंग्रजीतील पहिला अर्थ होय. याच कुळात ‘बॅलट’ हा शब्दही येतो. ‘बल्लोत्ता’ म्हणजे लहान गोळी. अशा गोळ्या पेटीत टाकून मत देण्याच्या पद्धतीवरून मतपत्रिकेला ते नाव मिळाले. इटालियनने प्रत्यय बदलून साधलेला हा लहानमोठेपणा मराठी लिंग बदलून साधते : गोळा आणि गोळी, डबा आणि डबी, सुरा आणि सुरी. तेव्हा गोळ्याचा बलून झाला आणि गोळीचे मतदान झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. निवडणुकांच्या सभांत ही दोन भावंडे पुन्हा एकत्र येतात, हा निव्वळ योगायोग.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली प्रकाशित झाला. त्यात ‘बलून’ या शब्दाचे तीन अर्थ नोंदलेले आहेत : रसायनशास्त्रात वापरले जाणारे आखूड मानेचे गोल पात्र, स्तंभाच्या माथ्यावर बसविलेला गोल, आणि आतषबाजीतील पुठ्ठ्याचा असा गोळा, जो पेटविल्यावर आकाशात उंच जाऊन फुटतो आणि ताऱ्यांसारख्या ठिणग्या उधळतो. आज ज्या अर्थाने हा शब्द जगभर ओळखला जातो तो अर्थ या नोंदीत नाही, कारण ती वस्तूच तेव्हा अस्तित्वात नव्हती. तथापि या तीन अर्थांचा क्रम लक्षणीय आहे. पहिल्या दोन अर्थांत केवळ गोलाई आहे. तिसऱ्या अर्थात गोलाईला वर जाण्याची आणि फुटण्याची जोड मिळाली आहे. शब्द जणू एका वस्तूची वाट पाहत होता.

ती वस्तू १७८३ साली आली. फ्रान्समधील आनोने या गावी ४ जून रोजी मोंगोल्फिए बंधूंनी कापड आणि कागद यांचे एक प्रचंड आवरण तप्त हवेच्या साहाय्याने आकाशात पाठविले. २७ ऑगस्ट रोजी पॅरिसमध्ये शार्ल या पदार्थवैज्ञानिकाने हायड्रोजनने भरलेला गोल सोडला. तो गोनेस या खेड्यापाशी उतरला तेव्हा भयभीत गावकऱ्यांनी हाती लागतील त्या अवजारांनी त्याचा समाचार घेतला. २१ नोव्हेंबर रोजी पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद या दोघांनी माणसाचे पहिले मुक्त उड्डाण केले. पुढच्याच वर्षी हे वेड इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये पोहोचले. २७ ऑगस्ट १७८४ रोजी एडिंबरा येथे जेम्स टायटलर हा गृहस्थ तप्त हवेच्या बलूनमधून काही काळ आकाशात गेला. ब्रिटनमधील हे पहिले उड्डाण करणारा मनुष्य व्यवसायाने वैमानिक नव्हता, योद्धा नव्हता. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या दुसऱ्या आवृत्तीचा तो संपादक होता. विश्वकोशाच्या कामाने त्याला जे नाव दिले नाही ते या थोड्या वेळाच्या उड्डाणाने दिले आणि तो ‘बलून टायटलर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. वृद्ध जॉन्सन त्या वर्षी आजारी होते. मित्रांकडून येणाऱ्या पत्रांत बलूनखेरीज दुसरा विषय नसे, तेव्हा आता बलूनविषयी लिहू नका, असे त्यांनी एका मित्राला कळविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. ज्या शब्दाला त्यांनी तीन अर्थ दिले होते त्याचा चौथा अर्थ त्यांच्या डोळ्यांदेखत इतर तिन्ही अर्थांवर मात करून गेला.

या घटनेने शब्दाच्या अर्थाचे केंद्रच हलविले. पूर्वी ‘बलून’च्या अर्थाच्या मध्यभागी गोलाई होती, आता तेथे ऊर्ध्वगती आली. भाषाशास्त्रात ज्याला अर्थांतर म्हणतात त्याचे इतके स्वच्छ आणि तारीखवार उदाहरण सहसा मिळत नाही. फ्रेंच भाषेने नव्या वस्तूचे दोन प्रकार वेगळे ठेवले. तप्त हवेचा तो ‘मोंगोल्फिएर’ आणि वायूचा तो ‘शार्लिएर’. इंग्रजीने हा भेद शब्दात आणला नाही, एकाच शब्दावर दोन्ही भार टाकले. क्रियापदही याच काळातले. नामापासून बनलेल्या ‘टु बलून’ या क्रियापदाचा आधीचा अर्थ बलूनमधून उड्डाण करणे हा होता. फुगणे, वाढत जाणे हा अर्थ त्यामागून आला. पुढे १८२४ साली मायकेल फॅरडे यांनी प्रयोगासाठी हायड्रोजन साठवावा म्हणून रबराच्या पिशव्या तयार केल्या, आणि लवकरच त्यांची खेळणी झाली. जत्रेतल्या मुलाच्या हातात जो दोरा येतो त्याचे एक टोक असे प्रयोगशाळेत आहे.

येथे थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे, कारण इंग्रजीत आणखी एक ‘बलून’ होता आणि त्याचा संबंध थेट कोकण किनाऱ्याशी जोडला गेला आहे. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात ‘बलून’ ही नोंद एका होडीची आहे. पौर्वात्य देशांत पूर्वी वापरात असलेली, मोठ्या कोरीव डोणीवर उभारलेली ही वल्ह्यांची नौका. पोर्तुगीज इतिहासकारांच्या लेखनात ती येते आणि सयामच्या राजनौकांचे वर्णन करणाऱ्या फ्रेंच प्रवाशांनीही तिला हेच नाव दिले आहे. कोशकारांनी या शब्दाचे मूळ बहुधा मराठी ‘बल्यांव’ या, एका प्रकारच्या नौकेच्या नावात असावे असे सुचविले आहे. हे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच ते स्वीकारावे. ध्वनिसाम्यावर उभारलेल्या व्युत्पत्तींनी आपल्याकडे पुष्कळांना फसविले आहे. तरी एवढे खरे की उच्चाराने एक झालेले हे दोन शब्द जन्माने निराळे आहेत. सतराव्या शतकातील प्रवासवर्णनाचे भाषांतर करताना राजा बलूनमध्ये बसून नदी ओलांडून गेला असे वाक्य आले, तर तेथे ‘फुगा’ लिहिणाऱ्याला शंभर वर्षांची घाई झालेली असते.

आता ‘फुगा’ या शब्दाकडे वळता येईल. ‘बलून’ हे मुळात वस्तूचे नाव आणि क्रियापद त्यातून मागाहून निघाले. ‘फुगा’च्या बाबतीत क्रियापद आधी आहे. ‘फुगणे’ ही क्रिया घडली म्हणजे जे दिसते तो फुगा. म्हणूनच रबरी खेळणे मराठी मुलखात आले तेव्हा त्याच्यासाठी शब्द शोधावा लागला नाही. ‘फुगणे’ या धातूचा संसार आधीच मांडलेला होता : फुगीर, फुगवटा, फुगवणे, रुसवेफुगवे. पावसाळ्यात नदी फुगते, भिजवलेले हरभरे फुगतात, पुरी टम्म फुगते. तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेली भाकरी फुगली म्हणजे करणारीच्या हाताला शाबासकी मिळते. स्वयंपाकघर हे या क्रियापदाचे सर्वांत सुखाचे ठिकाण होय. तेथून बाहेर पडताच त्याची छाया बदलते. पोट फुगते, ते अजीर्णाने. पाण्यात पडलेले प्रेत फुगते. गाल फुगवून बसणे म्हणजे रुसणे, आणि कोणी ‘फुगला आहे’ असे म्हटले म्हणजे त्याला संपत्तीचा किंवा स्तुतीचा वारा लागला आहे. अभिमानाने छाती फुगते तेवढीच काय ती अपवादाची जागा. तिथेही बोलणाऱ्याच्या स्वरावर पुष्कळ अवलंबून असते.

धातूचा हा संसार सार्वजनिक व्यवहारातही पसरला आहे. धरणाच्या पाण्याचा मागे पसरणारा विस्तार म्हणजे ‘फुगवटा’. २०१९ साली कृष्णा-पंचगंगेच्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूर भागात अलमट्टीच्या फुगवट्यावरून जो वाद झाला त्यात हा शब्द शेतकऱ्यापासून अभियंत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी होता आणि कोणालाही तो समजावून सांगावा लागला नाही. अर्थशास्त्रातील ‘इन्फ्लेशन’साठी घडविलेला ‘चलनफुगवटा’ हा शब्दही याच मातीतला. पुढे ‘चलनवाढ’ हा पर्याय रुळला. तो सुटसुटीत आहे खरा, पण त्यातली प्रतिमा गेली. वाढ पिकाची होते, मुलाची होते, ती बहुधा चांगली असते. फुगवटा हा शब्द उच्चारताच काहीतरी पोकळ, टिकाऊ नसलेले आहे हे कळते.

याचे कारण मराठी फुग्याच्या कथेत आहे. मराठी कल्पनेतील फुग्याचे आयुष्य दोन क्रियापदांत संपते : फुगणे आणि फुटणे. ‘त्याचा फुगा फुटला’ या वाक्यात आधीचे फुगणे गृहीत आहे, आणि फुटण्यातच न्याय झाल्याची भावना आहे. इंग्रजी बलूनच्या कथेत या दोहोंच्या दरम्यान एक तिसरे क्रियापद आहे, ‘वर जाणे’. इंग्रजी वाक्प्रचारांचा मोठा भाग या तिसऱ्या क्रियापदावर उभा आहे, आणि नेमका तोच भाग मराठीत उतरत नाही.

‘ट्रायल बलून’ हा फ्रेंच ‘बालों देसे’वरून आलेला वाक्प्रचार. मोठे उड्डाण करण्यापूर्वी वाऱ्याची दिशा कळावी म्हणून एक लहान बलून आधी सोडून पाहत. त्यावरून, लोकमताचा अंदाज घेण्यासाठी हळूच सोडून दिलेली बातमी किंवा सूचना असा लाक्षणिक अर्थ झाला. मराठीत या अर्थासाठी ‘खडा टाकून पाहणे’ हा जुना आणि नेमका वाक्प्रचार आहे. इंग्रजी माणूस वर पाहतो, मराठी माणूस खाली पाहतो. एकाला वारा जोखायचा आहे, दुसऱ्याला पाण्याची खोली. हेतू मात्र एकच. बातमी मुद्दाम पसरवायची असेल तर ‘पुडी सोडणे’ किंवा ‘पिल्लू सोडणे’ आहेच, आणि त्यातले ‘सोडणे’ हे क्रियापद तर बलूनलाही जवळचे आहे. असे तीन जिवंत पर्याय असताना ‘चाचणीचा फुगा’ निर्माण करणे म्हणजे कोश पाहून भाषा विसरणे होय.

‘द बलून गोज अप’ म्हणजे लढाईला, संकटाला किंवा धुमश्चक्रीला सुरुवात होणे. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या तोफखान्यावर नजर ठेवण्यासाठी दोराने बांधलेली निरीक्षण-बलूने वर चढविली जात. ती चढली की भडिमार जवळ आला असे सैनिक ओळखत. मराठीत लढाईला ‘तोंड लागते’. येथे फुगा वर गेला असे लिहिल्यास वाचकाला मुलाच्या हातून दोरा सुटला असेच वाटेल, आणि युद्धाच्या जागी रडारड येईल. ‘लेड बलून’ म्हणजे शिशाचा बलून; श्रोत्यांवर काहीच परिणाम न करता पडलेला विनोद किंवा प्रस्ताव. वर जाण्यासाठीच असलेली वस्तू शिशाची असावी, या विरोधावर तो वाक्प्रचार उभा आहे. मराठी फुग्याकडून उड्डाणाची अपेक्षाच नसल्यामुळे तो विरोध मराठीत उमटत नाही. त्याऐवजी मराठीत ‘फुसका बार’ निघतो. जॉन्सनच्या कोशातील आतषबाजीचा अर्थ अशा रीतीने मराठीने स्वतंत्रपणे सांभाळला आहे.

वनस्पतींच्या नावांतही हा भेद दिसतो. इंग्रजीत जिला ‘बलून व्हाइन’ म्हणतात ती वेल मराठीत ‘कपाळफोडी’. दोन्ही नावे तिच्या हवेने भरलेल्या, पातळ आवरणाच्या फळावरून आलेली. इंग्रजी नाव त्याच्या आकारापाशी थांबते. मराठी नावात ते फळ कपाळावर आपटून फोडणारे मूल आहे. फुगणे मराठीला पुरत नाही, फुटणेही लागते.

‘फुगणे’च्या बाजूने मात्र मराठी इंग्रजीपेक्षा अधिक बारकाईने बोलते, आणि हा मुद्दा केवळ शब्दसौंदर्याचा नाही. ‘द कॉस्ट बलून्ड’ या इंग्रजी वाक्यात खर्च आपोआप वाढतो. कर्ता दाखविण्याची त्या क्रियापदाला गरज पडत नाही. कोणी मुद्दाम वाढविला असे म्हणायचे असेल तर इंग्रजीला ‘इन्फ्लेट’ हे दुसरे क्रियापद उचलावे लागते. मराठीत एकाच धातूची दोन रूपे समोरासमोर उभी आहेत : ‘खर्च फुगला’ आणि ‘खर्च फुगवला’. एका अक्षराच्या अंतरावर निष्पाप घटना आणि आरोप आहे. एखाद्या योजनेच्या लेखापरीक्षण अहवालाचे भाषांतर करणाऱ्याला या अंतराची जाणीव असावी लागते. ‘बलून्ड’साठी ‘फुगवला’ लिहिले तर अहवालात नसलेला आरोप मराठीत प्रकट होतो; ‘इन्फ्लेटेड’साठी ‘फुगला’ लिहिले तर अहवालात असलेला आरोप नाहीसा होतो. पैकी दुसरी चूक अधिक वेळा होते. ती नेहमी अजाणतेपणीच होते की नाही, हा भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा प्रश्न आहे. कर्जाच्या व्यवहारातील ‘बलून पेमेंट’चेही असेच : लहान लहान हप्त्यांच्या अखेरीस येणारी ती मोठी रक्कम. कर्जदाराला ‘बलून पेमेंट’ हे नाव सांगून सही घेण्यापेक्षा ‘शेवटचा मोठा हप्ता’ असे सांगितले तर तो सहीपूर्वी क्षणभर थांबेल. परका शब्द येथे अर्थ सांगत नाही, झाकतो.

परंतु परका शब्द नेहमीच झाकण्यासाठी येत नाही, हे रुग्णालयातील ‘बलून’वरून दिसते. १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या अरुंद झालेल्या रोहिणीत नळीच्या टोकाशी असलेला इवलासा बलून नेऊन, तो फुगवून, रोहिणीचा मार्ग मोकळा करण्याची पद्धत प्रथम यशस्वी केली. हा बलून उडत नाही. त्यात हवाही भरत नाहीत, द्रव भरतात. फुगणे आणि पुन्हा आकसणे एवढेच त्याचे काम. म्हणजे इंग्रजी शब्दातील ऊर्ध्वगती येथे पूर्णपणे गळालेली आहे आणि उरला आहे तो मराठी ‘फुगा’च. तर्काने पाहता ‘फुगा’ हा शब्द येथे ‘बलून’पेक्षाही अधिक चपखल आहे. वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक लेखात तो समजावण्यापुरता येतोही. पण रुग्ण आणि त्याचे नातेवाईक ‘बलून’च म्हणतात. इंग्रजीचे वेड, हे याचे उत्तर पुरेसे नाही. शरीराच्या संदर्भात ‘फुगणे’ ही मराठीत विकाराची खूण आहे. पोट फुगते, आतडे फुगते, प्रेत फुगते. ज्या शब्दाने रोग सांगायचा त्याच शब्दाने उपचार सांगणे मनाला रुचत नाही. शिवाय फुगा ही जत्रेतली, मुलाच्या हातातली वस्तू, आणि तिच्या नशिबी फुटणे आहे. वडिलांच्या हृदयात फुगा आहे, हे वाक्य कोणत्या मुलाच्या तोंडून निघेल? तेथे ‘बलून’ हा कोरा, आठवणी नसलेला शब्द आधाराचा ठरतो. भाषाशुद्धीच्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. तथापि उसना शब्द कधी कधी त्याच्या कोरेपणासाठीच उसना घेतला जातो, या बाजूकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

आकाशातील बलूनच्या बाबतीत मराठी अद्याप दोलायमान आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून-केंद्र हैदराबादला आहे. तेथून २००१ सालच्या जानेवारीत सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. पृथ्वीबाहेरून येणाऱ्या सूक्ष्मजीवांचा शोध घेणाऱ्या या प्रयोगामागे मराठी विज्ञानसाहित्याचे एक अग्रणी जयंत नारळीकर होते. २००५ साली विजयपत सिंघानिया यांनी मुंबईहून तप्त हवेच्या बलूनमधून उड्डाण करून २१ हजार मीटरहून अधिक उंची गाठली, आणि ते नाशिक जिल्ह्यात उतरले. २०२३ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेने चिनी बलून पाडला, तेव्हा मराठी बातम्यांत ‘बलून’ आणि ‘फुगा’ हे दोन्ही शब्द एकमेकांशेजारी वावरत होते. ‘फुगा’ असे शीर्षक वाचणाऱ्याला हसू आवरणे कठीण होते. एवढ्या बलाढ्य राष्ट्राने क्षेपणास्त्र सोडून फुगा फोडावा! ‘बलून’ लिहिले की हसू मावळते आणि भय येते. दोन्ही शब्दांचा वस्तुनिर्देश एक असूनही बातमी एक राहत नाही.

येथे वस्तूचा स्वभावही विचारात घेण्यासारखा आहे. तप्त हवेच्या बलूनचे तोंड खाली उघडे असते, ते बांधलेले नसते. त्यामुळे जत्रेतल्या फुग्यासारखा तो फुटत नाही. अतिउंचीवर जाणारा शास्त्रीय बलून तर सोडतेवेळी जवळजवळ रिकामा असतो. वायू माथ्यापाशी थोडासा, आणि खाली लांबच लांब लोंबणारे ढिले आवरण. वर जाताना बाहेरचा दाब कमी होत जातो तसा तो भरत जातो आणि अखेरच्या उंचीवर पूर्ण गोल होतो. जमिनीवरच्या माणसाला दिसतो तेव्हा तो फुगलेला नसतो, आणि फुगतो तेव्हा दिसेनासा झालेला असतो. ‘फुगणे’ आणि ‘वर जाणे’ या ज्या दोन क्रिया दोन भाषांनी वाटून घेतल्या, त्या या वस्तूत एकच आहेत.

साहित्यात शब्दाच्या या दोन बाजूंचा कस लागतो. सिल्व्हिया प्लाथ यांची ‘बलून्स’ ही कविता ५ फेब्रुवारी १९६३ रोजी, त्यांच्या मृत्यूपूर्वी सहा दिवस लिहिलेली. नाताळापासून घरात तरंगत असलेले फुगे, आई, मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलगा फुग्याला चावतो, फुगा फुटतो आणि त्याच्या मुठीत लाल तुकडा उरतो. ही कविता मराठीत ‘फुगे’ या नावानेच यावयास हवी. तिला ‘बलून’ चालणार नाही, कारण तिच्यात जे घडते ते मराठी फुग्याच्याच कथेतले शेवटचे क्रियापद आहे. उलट डोनाल्ड बार्थेल्मी यांची ‘द बलून’ ही १९६६ सालची कथा. न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यापासून एक प्रचंड बलून रातोरात उत्तरेकडे पसरत जातो आणि शहराचा मोठा भाग व्यापतो. लोक त्यावर चढतात, त्याचा अर्थ लावू पाहतात, आणि अर्थ लागत नाही म्हटल्यावर त्याच्याशी जुळवून घेतात. या कथेतील बलून उडत नाही. इंग्रजी वाचकाच्या ठायी असलेली उड्डाणाची अपेक्षा पहिल्याच परिच्छेदात मोडली जाते आणि कथेचे अर्धे नवल तेथेच आहे. ‘फुगा’ या शब्दाने भाषांतर केले तर हे नवल हरवते. फुगा पसरला, फुगत गेला, यात मराठी वाचकाला नवीन काहीच नाही. त्याऐवजी तो दुसऱ्याच गोष्टीची वाट पाहू लागतो, फुटण्याची. आणि बार्थेल्मींचा बलून फुटतही नाही. म्हणजे अपेक्षाभंग दोन्हीकडे होतो, फक्त इंग्रजीत तो कथेच्या आरंभी आणि मराठीत शेवटी. भाषांतरकाराने ‘फुगा’ निवडला तर त्याने मूळ कथेचा तोल बदलला असे म्हणावे लागेल, पण कथा बिघडवली असे म्हणता येणार नाही.

खरी अडचण त्या शेवटापाशी आहे. बावीस दिवसांनी तो बलून काढून टाकला जातो. प्रेयसी परदेशी असताना मनाला आलेल्या एकटेपणाचे ते रूप होते असे निवेदक तिला सांगतो, आणि रिकामे आवरण पुढच्या कुठल्या तरी दुःखाच्या वेळेसाठी ठेवून दिले जाते. न फुटता रिता झालेल्या फुग्यासाठी मराठीत प्रतिष्ठित शब्द नाही. ‘हवा काढणे’ म्हटले की फजिती करणे असा अर्थ पुढे येतो. ‘संकोच पावणे’ वैद्यकाच्या पुस्तकातले वाटते. मुलांच्या बोलण्यात मात्र एक शब्द आहे. वाढदिवसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माळेतले फुगे सुरकुततात, लहान होतात, तेव्हा मुले म्हणतात, फुगा चिमला.